चावी नसताना पेटलेले दिवे

शिवडी कोळीवाड्यात, जाळी ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मासळीचा एक टेम्पो उभा होता आणि त्याच्यासमोर दीड-दोनशे माणसं हात जोडून उभी होती. टेम्पोचं तोंड भिंतीकडे आणि पाठ लोकांकडे. लोक पाठीलाच नमस्कार करत होते. दिवेलागणीची वेळ, शेडमध्ये अंधारलेलं, आणि त्या अंधारात टेम्पोचे मागचे दोन लाल दिवे मंद पेटलेले. एवढे मंद, की बाहेरच्या उजेडात कुणाच्या लक्षातही आले नसते. इथं मात्र रडून रडून सुजलेल्या डोळ्यांसारखे दिसत होते.

टेम्पोच्या फळीवर एक माणूस मांडी घालून बसला होता. भगवी कफनी, गळ्यात तुळशीच्या माळेशेजारी बारक्या रंगीत दिव्यांची माळ. नाव दीपनाथ महाराज.

"चावी कुठंय?" त्याने ओरडून विचारलं.

"शेवंताबायच्या गळ्यात!" गर्दी एका आवाजात म्हणाली.

"स्विच?"

"बंद!"

"डायवर?"

"इस्पितळात!"

"मग दिवा कोण लावतंय?"

"महाराज!"

"नाय रे बाबांनो, मी कोण लावणारा? मी नुसती वात. तेल वरचं! वायर माणसाची, करंट वरचा! सायन्सवाल्यांना बोलवा, म्हणावं चावी न लावता पेटवून दाखवा. शेंडी तुटो की पारंबी, नाय पेटणार! ही ज्योत म्हणजे हरेश्वरचा प्राण हाय. प्राण शरीरात नाय, इथं हाय. ज्योत हाय तोवर हरेश्वर हाय. ज्याने लोखंड लावून त्याच्या पायाला हात घातला, त्याने ही ज्योत विझवली. पाय गेला की ज्योत गेली, ज्योत गेली की..."

पुढचा शब्द तो उच्चारायचा नाही. तिथं थांबायचा आणि हरेश्वरच्या आईकडे बघायचा. शेवंताबाय पदर तोंडात कोंबून मटकन खाली बसायची. रोज संध्याकाळी असंच चालायचं, आणि सहा संध्याकाळी गेल्या होत्या.

मी त्या गर्दीत मागे उभा होतो. माझं नाव बुधाजी. ते दिवे मीच लावले होते.

मी मूळचा गिरणीतला वायरमन. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप सुरू झाला, तो माझ्यापुरता अजून मिटलेला नाही. गिरणी उघडलीच नाही, तेव्हा परळला त्याच गिरणीच्या भिंतीला टेकून मी एक पेटी मांडली आणि टॅक्सी-टेम्पोंचं वायरिंग करू लागलो. ही गोष्ट दोन हजार दहाच्या दिवाळीनंतरची. तेव्हा भिंतीच्या आत टॉवर उभा राहत होता आणि भिंतीबाहेर मी.

हरेश्वर माझं नेहमीचं गिऱ्हाईक. तीस-बत्तीसचा पोरगा, भाऊच्या धक्क्यावरून दादरच्या बाजारात मासळी पोचवायचा. मासळीच्या टेम्पोचं एक दुखणं असतं. बर्फ वितळतो, त्याचं खारट पाणी खोक्यातून झिरपतं आणि थेट मागच्या दिव्यांत जातं. पिवळे काचेचे बल्ब गरम असतात, गार पाणी लागलं की तडकतात. हरेश्वरचा महिन्यात तिसरा बल्ब गेला तेव्हा तो म्हणाला, "काका, एकदा काय ते कायमचं करून टाका. पोलीस पकडतात, त्याचं काय नाय, पण रे रोडला पहाटे ट्रेलर नुसते अंगावर येतात."

"आता LED लावू," मी म्हणालो. "तापत नाही, तडकत नाही, करंट खात नाही. पुढच्या आठवड्यात ये. तोवर हा बल्ब घे."

पुढचा आठवडा आलाच नाही. तो बल्बही गेला. रे रोडला लाकडाच्या वखारींजवळ, पहाटेच्या धुरक्यात, सैल झालेला दोर आवळायला हरेश्वर खाली उतरून टेम्पोच्या मागे उभा राहिला. मागचा दिवा बंद. ट्रेलरवाल्याला टेम्पो दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. हरेश्वर बाजूला उडी मारता मारता एका पायाने सापडला. उजवा पाय, घोट्याखाली.

त्याच्या बहिणीचा नवरा रघू चेपलेला टेम्पो दुरुस्त करून माझ्याकडे घेऊन आला. मी गुपचूप दोन्ही बाजूंना लाल LED बसवले. खोक्याच्या आत माल उतरवताना लागेल म्हणून आणखी एक दिवा बसवला, त्याची वायर बॅटरीतून थेट घेतली, म्हणजे चावीची गरज नको. हात कामात होते आणि डोक्यात एकच होतं: हे मी आठ दिवस आधी का नाही केलं?

रघूने तीन-चार दिवस टेम्पो चालवला, मग इस्पितळाच्या धावपळीत शेडमध्ये उभा केला. त्याच संध्याकाळी शेवंताबाय जाळं आणायला शेडमध्ये गेली आणि किंचाळत बाहेर आली. ज्या दिव्याने पोराचा घात केला, तो चावी नसताना आपोआप पेटला होता.

त्याच सुमारास इस्पितळात हरेश्वरचा पंजा काळा पडायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, पंजा काढावा लागेल. हरेश्वर म्हणाला, पाय कापलेल्या डायवरला कोण गाडी देतो, मला मरू द्या. अशा घरात चावी नसताना दिवा पेटला तर काय होईल? दीपनाथ दुसऱ्या दिवशीच हजर झाला.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मला आणायला हरेश्वरची बायको आली. गुणवंती. हिरवं लुगडं, हातात इस्पितळाचा डबा, चार दिवस विंचरलेले नसावेत असे केस. माझ्या पेटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ते दिवे तुमीच लावले ना?"

"हो."

"मग विझवा."

मला काही समजेना. तिने सगळं सांगितलं. हरेश्वर ऑपरेशनच्या कागदावर सही करत नव्हता. रघू रोज जाऊन त्याला सांगायचा, आज ज्योत चांगली होती, आज जरा फिकी होती, महाराज बोलले शनिवारपर्यंत पाय आपसूक भरून येईल. डॉक्टर रोज येऊन पायावर पेनाने रेघ मारायचे. आदल्या दिवशीच्या रेघेच्या वर काळेपणा गेलेला असायचा.

"आज रेघ कुठं होती?"

तिने वाकून स्वतःच्या पोटरीवर बोट ठेवलं. "डॉक्टरीण बाय बोलली, आदी पंजा होता, आता गुडघ्याखाली. अजून थांबलो तर..." मग ती एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तो चमत्कार खरा असंल तरी विझवा. माज्यावर पाप येऊ दे. मना पाय नको, मना माणूस पायजे."

म्हणून मी त्या संध्याकाळी शेडमध्ये होतो.

गर्दीतून वाट काढत पुढे गेलो आणि म्हणालो, "महाराज, हे दिवे मी बसवलेत. जरा तपासू द्या."

दीपनाथने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मिस्त्री काय? बघ ना! डोळे भरून बघ. पण एक अट. गाडीचं काळीज उघडायचं नाय."

"काळीज?"

"बॅटरी, बॅटरी," रघू मध्येच म्हणाला. "महाराजांनी सांगितलंय बॅटरीला हात लावायचा नाय. परवा थकली होती, तर त्यांच्याच हुकमाने मी दुकानातून चार्ज करून आणली."

"वरच्या करंटला बॅटरी चार्ज करावी लागते होय?" मी विचारलं.

दोघं-तिघं हसले. लगेच कुणीतरी मागून ओरडलं, "तुमचं काय, तुमी लोक देवच मानत नाय!"

"देव नाही मानत," मी म्हणालो, "करंट मानतो."

आणि मी टेम्पोखाली सरकलो. सगळ्या वायरी पाहिल्या. चावी नाही, स्विच बंद, ब्रेकचं पेडल मोकळं. एकही वायर उघडी नाही. मग दिवा पेटतोय कसा? टॉर्च मारून मारून डोळे दुखले, पण उत्तर सापडेना. बाहेर आलो तेव्हा दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय मिस्त्री, सापडला का देव?" दीपनाथ म्हणाला. "का ऑईलचा डागच हाती लागला?"

शेड हसली. शेवंताबाय मात्र हसली नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला काही सापडलं नाही याचा तिला आनंद झाला आणि त्याच वेळी तिच्या आत काहीतरी कोसळलंही. मी मान खाली घालून निघालो. जाताना पाहिलं, दीपनाथने तांब्याची कळशी उचलली, धक्क्यावरून आणलेलं समुद्राचं पाणी होतं तिच्यात. मंत्र म्हणत त्याने ते दोन्ही दिव्यांवर ओतलं. समुद्रस्नान म्हणे. रोज दोनदा.

त्या लोकांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही, त्याचंही कारण सांगतो. संपाला दीड वर्ष झालं तेव्हा आमच्या चाळीत एक बाबा आला होता. त्याने पंचांग बघून सांगितलं, अमक्या सोमवारी गिरणीचा भोंगा वाजणार. त्या सोमवारी सकाळी चाळीस माणसं डबे घेऊन गेटवर उभी होती. तोवर देवधर्म सोडून मला पंचवीस वर्षं झाली होती, भाषणंही ऐकली होती, पुस्तकंही वाचली होती. तरी त्या चाळीसांत मी होतो. माझ्या डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. दुपारी बारापर्यंत आम्ही उभे राहिलो, मग एकमेकांकडे न बघता घरी गेलो. माणूस बुडायला लागला की हाताला काय लागतंय ते बघत नाही, फक्त धरतो.

पुढचे दोन दिवस मी धंदा केला नाही. पेटीवर एक जुनी बॅटरी ठेवली, तसाच LED आणला, तशाच वायरी जोडल्या, आणि चावीशिवाय तो पेटावा म्हणून धडपडत राहिलो. पेटेना. आणि त्या दोन दिवसांत इस्पितळातली रेघ वर सरकत होती, हे मला माहीत होतं. गुणवंती सकाळी एकदा येऊन गेली. पेटीवरचा विझलेला LED बघून परत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाम पुसताना ओठांना बोट लागलं. खारट. घाम खारट असतोच. पण मला आठवलं, टेम्पोखालून बाहेर आलो तेव्हाही बोटं चिकट होती, आणि मागच्या बाजूला जिथं सगळ्या वायरी एका प्लॅस्टिकच्या जोडात एकत्र येतात, तिथं हिरवट-पांढरी पुटं चढली होती. मीठ.

आणि मग मला नाना आठवले.

नाना म्हणजे गिरणीतले माझे वस्ताद. विणकाम खात्यात सूत तुटू नये म्हणून हवेत पाण्याचे फवारे मारायचे, भिंती बारमाही ओल्या. तिथं बंद वायरीलाही टेस्टर लावला की त्यातला लाल ठिपका पेटायचा. मी नवा होतो, घाबरून हात मागे घ्यायचो. नाना म्हणायचे, "टेस्टरवर जाऊ नको, तो नुसत्या ओलीनेसुद्धा पेटतो. त्याला काय, मुंगीएवढा करंट पुरतो. तू बल्ब लावून बघ. बल्ब पेटला तर करंट. नाही पेटला तर ओल."

मी शेजारच्या चहावाल्याकडून ग्लासभर पाणी घेतलं, त्यात मूठभर मीठ टाकलं. बॅटरीची वायर एका बाजूने पाण्यात सोडली, दिव्याची दुसऱ्या बाजूने. दोन्ही वायरी एकमेकींना शिवत नव्हत्या. मधे फक्त खारं पाणी. वायरी जरा दूर नेल्या, जरा जवळ आणल्या. एका जागी LED मंद लाल झाला, अगदी शेडमधल्यासारखा. मग LED काढून तिथं पिवळा बल्ब लावला.

काळाठिक्कर.

मी पेटी उघडी टाकून शिवडीला पळालो.

शेडमध्ये पोचलो तेव्हा दीपनाथची आरती चालू होती. त्या दिवशी नवी गोष्ट होती. महाराजांचं म्हणणं, अशा जागृत गाडीत पुन्हा मासळी भरणं हा अपमान आहे, तेव्हा टेम्पो मठाला अर्पण करावा. शेवंताबाय मान डोलावत होती. तिने त्या क्षणी घरसुद्धा दिलं असतं.

मी सरळ तिच्यासमोर जाऊन बसलो. "शेवंताबाय, मला या दिव्यांना एकदा हात लावू द्या. बॅटरीला लावणार नाही. वायर कापणार नाही. एक बल्ब बदलणार, बस."

"हात लावशील तर भस्म होशील!" दीपनाथ ओरडला.

"मीच होईन ना? होऊ द्या," मी म्हणालो. "महाराज, तुमचा देव ट्रेलरला पुरून उरला आणि एका बल्बला घाबरतो?"

गर्दीत चुळबुळ झाली. शेवंताबायने माझ्या हातातल्या पिवळ्या बल्बकडे पाहिलं. "भाव, काय वंगाळ तर नाय ना होनार?" तिने विचारलं. आवाज असा, की मला खोटं बोलून तिला धीर द्यावासा वाटला.

"दिवे विझतील," मी म्हणालो. "हरेश्वरला काही होणार नाही."

तिने डोळे मिटले आणि मान हलवली.

मी डाव्या बाजूची लाल काच काढली. LED दाबून फिरवला, काढला. त्या जागी पिवळा बल्ब दाबून फिरवला. डावीकडे अंधार. आणि त्याच क्षणी, मी ज्याला हातही लावला नव्हता, तो उजवीकडचा दिवाही विझला.

मग शेवंताबायने हंबरडा फोडला. "हरेश! माज्या हरेशला मारलं रं!" कुणीतरी माझी कॉलर धरली. दीपनाथ फळीवर उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडत होता, "घात! घात केला! मी बोललो होतो!"

"रघू!" मी कॉलर सोडवत ओरडलो. "फोन लाव! गुणवंतीला फोन लाव, सगळ्यांना ऐकू दे!"

रघूने खिशातून फोन काढला. दोनदा नंबर चुकला. तिसऱ्यांदा रिंग गेली. एक. दोन. तीन. चार. त्या चार रिंगांत, खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. मीठ आणि करंट मला माहीत होते, पण हरेश्वर आजारीच होता. नेमका त्याच वेळी तो गेला असता तर?

"हॅलो," गुणवंतीचा आवाज आला.

"वयनी," रघू म्हणाला, "हरेश्वर... हरेश्वर कसा हाय?"

"कसा असनार? आत्ताच दोन चमचे पेज घेतली. आता चिडलाय, उशी सरळ कर बोलतो. का रं? काय झालं?"

मागून हरेश्वरचाच आवाज आला, बारीक, वैतागलेला, "कोन हाय गं?"

शेवंताबायचा हंबरडा अर्ध्यावर थांबला. माझ्या कॉलरवरचा हात गळून पडला.

"बाय, इकडे या," मी तिला हाताला धरून उठवलं. "आता तुम्ही करा. हा पिवळा बल्ब दाबा आणि फिरवा. काढा."

तिने काढला. मघाशी विझलेला उजवीकडचा दिवा पुन्हा मंद पेटला.

"आता परत लावा."

तिने लावला. दिवा विझला. तिने परत काढला. पेटला. परत लावला. विझला. पाच-सहा वेळा तिने हे केलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. शेवटी तिने बल्ब हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "हे काय हाय, भाव?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. खोक्यातल्या दिव्यासाठी मी बॅटरीतून थेट वायर घेतली होती. ती आणि ब्रेकच्या दिव्याची वायर मागच्या एकाच जोडात शेजारी शेजारी बसतात. बर्फाच्या खाऱ्या पाण्याने त्या जोडात मीठ साचलं. खारं पाणी करंट नेतं. त्यातून मुंगीएवढा करंट एका वायरीतून दुसरीत पाझरतोय, चावी असो नसो. जुना पिवळा बल्ब असता तर कुणाला कळलंही नसतं, कारण त्याच्या आतली तार तापून लाल व्हावी लागते, तिला भरपूर करंट लागतो. LED ला तापावं लागत नाही, तो थेंबभरावर पेटतो. आणि एका बाजूला पिवळा बल्ब लावला की तो सगळा थेंब त्या तारेतून वाहून जातो, पलीकडच्याला काही उरत नाही. म्हणून दोन्ही विझले.

"वायर माझी आहे," मी म्हणालो. "चूकही माझी. जोड उंचावर घ्यायला हवा होता, रबरात बंद करायला हवा होता."

मग तो जोड उघडून मी गोड्या पाण्याने धुतला, फडक्याने कोरडा केला. दोन्ही बाजूंना LED परत लावले. अंधार. लोक पुढे सरकून बघत होते. मी दीपनाथची कळशी उचलली आणि तिच्यातलं चमचाभर पाणी त्या जोडावर सोडलं.

दिवे पेटले.

"म्हणून रोज दोनदा समुद्रस्नान," मी म्हणालो. "ज्या दिवशी ज्योत फिकी हवी, त्या दिवशी स्नान नाही. आणि बॅटरीला हात लावायचा नाही, कारण ती काढली की देव गेला. महाराज, गाड्यांचे रंगीत दिवे कुठल्या बाजारात विकत होतात?"

त्याने गळ्यातली दिव्यांची माळ कफनीत लपवली. गर्दीतला एकजण त्याच्या अंगावर धावला, मी मधे पडलो. मारून काय होणार होतं? मार खाल्लेला बाबा दुसऱ्या वस्तीत जखमा दाखवून मोठा होतो. त्याला पोलिसांत द्या, म्हटलं. पण सगळे शेवंताबायकडे बघत असताना तो सटकला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. माणसं एकेक करून, एकमेकांची नजर चुकवत निघून गेली. तशी घरी जाणारी माणसं मी एकदा गिरणीच्या गेटवर पाहिली होती.

शेवंताबाय मात्र घरी गेली नाही. तशीच, हातात पिवळा बल्ब घेऊन, टॅक्सीत बसली. मी आणि रघू बरोबर. रस्ताभर ती एकच विचारत होती, "किती दिस झाले? डॉक्टर बोलले त्याला किती दिस झाले?"

"आठ," रघू म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघून रडायला लागला.

वॉर्डात हरेश्वर उशीला टेकून होता. चेहरा राखेसारखा. आईला बघून म्हणाला, "आयस, ज्योत?"

"मी विझवली," शेवंताबाय म्हणाली. "माज्या हातांनी. पाच येला विझवली नि पाच येला पेटवली. त्यात काय नव्हतं रं, पोरा. मीठ होतं."

त्याने तोंड आढ्याकडे फिरवलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कधी विसरता येणार नाही. ज्याला आम्ही बाबाच्या हातून सोडवायला निघालो होतो, त्याच्याकडे जगायला तेवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती मी काढून घेतली होती. मग त्याने गुणवंतीकडे बघितलं. ती पलंगाची कड घट्ट धरून उभी होती. "काकांना सांग, तो सहीचा कागद घेऊन या," तो म्हणाला. मला थेट बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टरीण बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, जगेल. मग त्यांनी पाय कुठून कापला ते सांगितलं. मांडीतून.

पहिल्या दिवशी सही झाली असती तर पंजा गेला असता. टाचेवर तोल सांभाळत, खास बुटात, हरेश्वर आज गाडी चालवत असता. त्याच डॉक्टरीण बाईंनी मला तसं सांगितलं. आता तो भाऊच्या धक्क्यावर बसून मासळीचा हिशोब लिहितो, गुणवंती टोपली घेऊन दादरच्या बाजारात बसते. माझ्याशी तो सहा महिने बोलला नाही. मग एकदा बोलला. "काका, तुमी दोन दिस आदी नाय आलात," एवढंच. त्याचं खरं होतं. उत्तर मला दोन दिवस उशिरा सुचलं, आणि जोड रबरात बंद करायचंही उशिरा सुचलं.

दीपनाथचं पुढे काय झालं, ठाऊक नाही. मधे कुणीतरी सांगत होतं, कुठल्या तरी खाडीपलीकडे एका विहिरीतून आवाज येतो आणि तिथं एक महाराज बसतो.

मी आजही दिवे लावतो. गिऱ्हाईक विचारतं, काका, हा LED चावी काढल्यावरही जरा पेटतो, काही भुताटकी तर नाही ना? मी हसत नाही. त्याला गाडीखाली बोलावतो, ओल दाखवतो, मीठ दाखवतो, त्याच्याच हाताने पुसायला लावतो. ज्यांना हे वाचून दाखवलं जाईल त्यांनाही एवढंच सांगायचं आहे. जे समजत नाही त्याला लगेच हात जोडू नका आणि लगेच हसूही नका. उघडून बघा, जाणत्याला विचारा, नाही कळलं तर परत विचारा. आणि घरात कुणी आजारी असेल तर हे सगळं नंतर करा. आधी त्याला इस्पितळात न्या, आणि डॉक्टर ज्या दिवशी सही मागतील त्या दिवशी करा. पंज्यापासून मांडीपर्यंतचं अंतर हातभर आहे. हरेश्वरच्या घरात ते नऊ दिवसांत संपलं, आणि त्या नऊही दिवसांत आम्ही सगळे एका दिव्याकडे बघत होतो.